इंटरफेरॉन उपचार आणि निष्प्रभकारी प्रतिपिंडे : चालणारे औषध चालेनासे का होते?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने घाटंजी येथे रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही आपल्यासमोर रुग्णसंख्येचा, शस्त्रक्रियांचा आणि शिबिरांचा आढावा मांडतो. तो अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. या व्याख्यानासाठी मात्र आम्ही एक असा विषय निवडला आहे, की ज्याचे रुग्ण आपल्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच असतील. सर्पदंश, हिवताप, सिकलसेल, बाळंतपण या आपल्या नित्याच्या कामांपुढे हा विषय दूरचा वाटेल. परंतु या थोड्या रुग्णांनी आम्हांला जो धडा दिला, तो प्रत्येक दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना उपयोगी पडणारा आहे, अशी आमची धारणा झाली आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील मोजकेच देत आहोत. सुमारे २००६ साली एक तरुण शिक्षिका आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. त्यापूर्वी त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी आठवडाभरात अंधूक होऊन पुन्हा सुधारली होती. काही महिन्यांनी कमरेखाली मुंग्या व बधिरपणा आला आणि तोही ओसरला. नागपूर येथे मेंदूचा एम.आर.आय. झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असे निदान झाले. तेथील तज्ज्ञांनी बीटा-इंटरफेरॉनची इंजेक्शने आठवड्यातून तीन वेळा, कातडीखाली घेण्यास सांगितले. औषधाचा खर्च दरमहा हजारोंच्या घरात होता. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण टाकला. इंजेक्शन टोचण्याचे शिक्षण त्यांनी आमच्या परिचारिकांकडून घेतले.

पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षाच्या मध्यानंतर मात्र पाठोपाठ दोन वेळा आजार उफाळला. उजवा पाय ओढला जाऊ लागला. तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी "इंजेक्शने नियमित घेत नसाल" असे म्हटले. घरीही तोच सूर उमटला. एवढा पैसा ओतूनही गुण येत नाही, म्हणजे हिचेच काही चुकत असणार! त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात शाळेची दोनशे पानी वही होती. प्रत्येक सुईची तारीख, वेळ आणि शरीराची जागा तिच्यात नोंदलेली होती. वही टेबलावर ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी एकही सुई चुकवली नाही."

ती वही खरी होती. मग औषध का चालेना? या प्रश्नाच्या उत्तराचा शोध हाच आमच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आजाराची ओळख

आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर, विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मायेलिन नावाचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणा वास्तविक बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ती चुकून या आवरणावरच हल्ला करते. आवरण जागोजागी विरते, संदेश अडखळतात आणि ज्या भागाचा संदेश अडला त्याप्रमाणे लक्षणे दिसतात. कधी दृष्टी मंदावते, कधी हातपाय बधिर होतात, कधी तोल जातो, कधी लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेक रुग्णांत आरंभीची काही वर्षे हा आजार उफाळतो, ओसरतो आणि पुन्हा उफाळतो. प्रत्येक उफाळ्यानंतर शरीर पूर्वपदावर येईलच असे नसते. काही हानी मागे राहते व साठत जाते. पॅरिसमधील जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले. तो विशी ते चाळिशीच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

उत्तर युरोपातील अनेक देशांत लाखामागे शंभराहून अधिक रुग्ण आढळतात. भारतात हे प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी आहे. तथापि हा आजार आपल्याकडे नाहीच, ही समजूत चुकीची ठरली आहे. मुंबईचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाजात हा आजार लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. मुंबईतच १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णसाहाय्य संस्था उभी राहिली. एम.आर.आय.ची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागली, तसतसे पूर्वी 'वात', 'अशक्तपणा' किंवा 'मनाचा आजार' म्हणून परत पाठविले गेलेले रुग्ण ओळखू येऊ लागले.

इंटरफेरॉनचा आधार

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोन संशोधकांना असे दिसून आले, की विषाणूची लागण झालेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देत नाहीत. विषाणूच्या कामात व्यत्यय आणणारा म्हणून त्याला इंटरफेरॉन हे नाव मिळाले. पुढे त्याचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार कळले. त्यांपैकी बीटा-इंटरफेरॉन संरक्षक यंत्रणेचा अतिरेक आवरते आणि लढाऊ पेशींचा रक्तातून मेंदूत होणारा शिरकाव कमी करते, असे आढळले.

अमेरिका व कॅनडातील ३७२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. औषधविरहित इंजेक्शने घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी १.२७ वेळा आजार उफाळत होता. जास्त मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.८४ वर आले. म्हणजे सुमारे एक तृतीयांश घट झाली. आज हा आकडा लहान वाटेल, परंतु तोवर या आजाराची वाटचाल बदलणारे एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत बीटा-१बी या प्रकाराला मान्यता मिळाली. १९९६ साली आठवड्यातून एकदा स्नायूत टोचावयाचा बीटा-१ए हा प्रकार तेथे आला. त्यानंतर आठवड्यातून तीनदा कातडीखाली घ्यावयाचा प्रकारही उपलब्ध झाला.

संरक्षणाचीच उलट बाजू

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रतिपिंड म्हणजे काय, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. घोणस किंवा नाग चावलेल्या माणसाला आपण जी सर्पविषावरची लस टोचतो, ती वास्तविक लस नसून तयार प्रतिपिंडेच असतात. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवीत नेऊन देतात. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती वेगळी काढून आपण रुग्णाला देतो. ही प्रतिपिंडे विषाला अशा जागी चिकटतात, की विषाला पुढे आपले काम करताच येत नाही. विष शरीरात असते, पण निष्प्रभ झालेले असते. विषाऐवजी विषाणूला अशा रीतीने रोखणाऱ्या प्रतिपिंडांची चर्चा कोरोनाच्या काळात, २०२० व २०२१ साली, आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचली आहे.

नेमकी हीच क्रिया औषधाच्या बाबतीत घडली तर? इंटरफेरॉन हे प्रथिन आहे. ते बाहेरून, वारंवार, महिनोन्‌महिने टोचले जाते. काही रुग्णांची संरक्षक यंत्रणा त्याला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनविते. घोड्याची प्रतिपिंडे जसे विष निकामी करतात, तशी ही प्रतिपिंडे औषध निकामी करतात. सुई टोचली जाते, औषध अंगात जाते, परंतु पेशीच्या ज्या कडीला अडकून त्याने संदेश द्यावयाचा, त्या कडीपर्यंत ते पोहोचूच शकत नाही. यांनाच निष्प्रभकारी प्रतिपिंडे म्हणतात.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. औषधाला नुसती चिकटणारी प्रतिपिंडे पुष्कळ रुग्णांत सापडतात. त्यांतील सर्वच औषधाचे काम रोखत नाहीत. म्हणून प्रतिपिंडे आहेत एवढे कळून भागत नाही. ती काम रोखतात काय, किती प्रमाणात रोखतात आणि किती काळ टिकतात, हे तीन प्रश्न महत्त्वाचे असतात.

ही प्रतिपिंडे प्रामुख्याने उपचाराच्या सहाव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान उद्भवतात. दोन वर्षांपर्यंत ती आढळली नाहीत, तर पुढे ती निर्माण होण्याचा संभव फार थोडा राहतो. आमच्या शिक्षिका भगिनींची घसरण दुसऱ्या वर्षाच्या मध्यानंतर सुरू झाली होती, हे येथे आठवावे.

कोणत्या औषधाने किती?

सर्व इंटरफेरॉन या बाबतीत सारखी नाहीत. बीटा-१बी जिवाणूंच्या पेशीत तयार केले जाते. मानवी प्रथिनावर असणारी साखरेची शाखा त्यावर नसते आणि त्याच्या रचनेतही लहानसा फरक असतो. बीटा-१ए सस्तन प्राण्यांच्या पेशीत तयार होते व मानवी प्रथिनाशी अधिक मिळतेजुळते असते. निरनिराळ्या अभ्यासांत बीटा-१बी घेणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा ते निम्म्याच्या आसपास रुग्णांत निष्प्रभकारी प्रतिपिंडे आढळली. कातडीखाली घ्यावयाच्या बीटा-१ए मध्ये हे प्रमाण त्याहून कमी, तर आठवड्यातून एकदा स्नायूत घ्यावयाच्या प्रकारात ते सर्वांत कमी, शेकडा २ ते ७ च्या आसपास आढळले. २०१४ साली आलेल्या, दोन आठवड्यांतून एकदा घ्यावयाच्या पेग-इंटरफेरॉनमध्ये ते एक टक्क्याहूनही कमी होते.

याची कारणे अनेक आहेत. प्रथिनाची रचना, टोचण्याची जागा, मात्रा व वारंवारता, रुग्णाची आनुवंशिक घडण ही त्यांपैकी काही होत. आणखी एक कारण आपल्याशी थेट निगडित आहे. प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, तर संरक्षक यंत्रणेला ते अधिक परके वाटतात आणि प्रतिपिंडे बनण्याचा संभव वाढतो. उष्णता, गोठणे आणि जोराने हलविणे या गोष्टींनी असे पुंजके होऊ शकतात. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

पुरावा आणि मतभेद

१९९३ च्या मूळ चाचणीतील रुग्णांचा तीन वर्षांचा आढावा १९९६ साली प्रसिद्ध झाला. बीटा-१बी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के रुग्णांत निष्प्रभकारी प्रतिपिंडे आढळली होती. दीड वर्षानंतर या रुग्णांत आजार उफाळण्याचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या जवळ जाऊन पोहोचले होते.

२००३ साली डेन्मार्कमधील ५४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच रुग्णाच्या प्रतिपिंडे असलेल्या आणि नसलेल्या काळांचीही तुलना केली होती. प्रतिपिंडे असलेल्या काळात वर्षाला सरासरी ०.६४ ते ०.७० वेळा, तर नसलेल्या काळात ०.४३ ते ०.४६ वेळा आजार उफाळला. एम.आर.आय.वरही असेच चित्र दिसते. टिकून राहणारी व उच्च प्रमाणातील प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांत नवे डाग अधिक उमटतात.

मग ही गोष्ट पूर्वीच का उमगली नाही? कारण पहिल्या वर्षात प्रतिपिंडे तयार व्हावयाची असतात, तोवर औषध चालतच असते. त्यामुळे एक-दोन वर्षांच्या छोट्या अभ्यासांत त्यांचा परिणाम झाकला जातो. काही रुग्णांत कमी प्रमाणातील प्रतिपिंडे कालांतराने नाहीशीही होतात. उच्च प्रमाणातील प्रतिपिंडे मात्र औषध थांबविल्यावरही कित्येकदा वर्षानुवर्षे टिकतात.

चाचणी करावी की नाही, याबाबत मोठ्या तज्ज्ञ संस्थांतही एकवाक्यता नव्हती. २००५ साली युरोपातील मेंदूविकारतज्ज्ञांच्या महासंघाने उपचाराच्या १२ व्या आणि २४ व्या महिन्यात चाचणी करावी, आणि उच्च प्रमाण पुन्हा केलेल्या चाचणीतही कायम राहिल्यास इंटरफेरॉन थांबवावे, असा सल्ला दिला. २००७ साली अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने परिणामकारकता घटते हे मान्य केले. परंतु चाचणी कोणाची, केव्हा व किती वेळा करावी हे ठरविण्याइतका पुरावा नाही, असे मत नोंदविले.

चाचणीही सोपी नाही. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर रुग्णाच्या रक्तातील द्रव आणि इंटरफेरॉन एकत्र घालून औषधाचा परिणाम किती रोखला जातो ते मोजावे लागते. दुसरी पद्धत अशी, की इंजेक्शननंतर ठरावीक तासांनी रुग्णाच्या रक्तात एमएक्सए या पदार्थाची वाढ होते काय ते पाहावयाचे. इंटरफेरॉनने पेशींवर काम केले असेल तर तो वाढतो. वाढला नाही, तर औषध पोहोचले नाही असे समजावे. अशा चाचण्या युरोपातील काही देशांत नित्याच्या झाल्या. घाटंजीच काय, आपल्याकडील मोठ्या शहरांतील रुग्णालाही त्या कधी सहज लाभल्या नाहीत.

औषधाला दोष देण्यापूर्वी

तेव्हा आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयाने काय करावे? त्या वहीने आम्हांला एक क्रम शिकविला. तो आम्ही पुढे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पाळत आलो आहोत.

पहिली पायरी, हा खरोखर नवा उफाळा आहे काय ते ठरविणे. या आजारात शरीराचे तापमान थोडे वाढले तरी जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० सालीच हे नोंदविले होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी वाघाडी नदीच्या पुलापर्यंत चालत गेलेल्या रुग्णाची नजर अंधूक झाली, पाय लटपटले आणि सावलीत बसून पाणी प्यायल्यावर तासाभरात बरे वाटले, तर तो नवा उफाळा नव्हे. तापाने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानेही असे होते. नवी लक्षणे चोवीस तासांहून अधिक टिकली आणि ताप किंवा संसर्ग नसला, तरच उफाळा समजावा.

दुसरी पायरी, मात्रा नियमित घेतली जाते काय हे विचारणे. हा प्रश्न आरोपाच्या सुरात विचारू नये. इंजेक्शननंतर येणारी कणकण व अंगदुखी, टोचलेल्या जागेवरची लाली, पैशांची ओढाताण, सासर-माहेरचा प्रवास अशा कारणांनी मात्रा चुकतात. रुग्णाला धीर दिला तर तो खरे सांगतो. येथे आणखी एक गैरसमज दूर करतो. इंजेक्शननंतरचा ताप काही महिन्यांनी कमी होणे हे बहुतेकांच्या बाबतीत स्वाभाविक असते. ताप येत नाही म्हणून औषध निकामी झाले, असा निष्कर्ष काढू नये. ताप येतो म्हणून ते चालते आहे, असाही काढू नये.

तिसरी पायरी, औषध कसे आणले आणि कसे ठेवले हे पाहणे. ही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची असतात. काही प्रकार मर्यादित दिवस २५ अंशांपर्यंत टिकतात, परंतु उन्हाळ्यातील आपल्या घरातील खोली २५ अंशांची नसते. त्या काळी ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. नागपूरहून एस.टी.ने येणारी पेटी यवतमाळला बस बदलून घाटंजीला पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जाई. याच्या उलट चूकही होते. काळजीपोटी काही जण औषध थेट बर्फात खोचतात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. गोठलेले इंजेक्शन पुन्हा वितळवून वापरणे हेही तितकेच वाईट. शिक्षिका भगिनींच्या घरचा फ्रीज रोज आठ-दहा तास बंद राहत होता. त्यामुळेच प्रतिपिंडे झाली असे आम्ही म्हणू शकत नाही. उत्तम शीतगृह असलेल्या देशांतही ती होतातच. पण जे आपल्या हाती आहे ते तरी नीट राखावे.

या तीन पायऱ्या पार करूनही आजार उफाळत असेल, तर चौथी पायरी प्रतिपिंडांच्या शक्यतेची. चाचणी हाती नसली तरी विचार हाती असतो. उपचाराला वर्ष-दीड वर्ष झालेले, मात्रा नियमित, उष्णता व संसर्ग वगळलेले, आणि एम.आर.आय.वर नवे डाग, असे चित्र असेल तर औषध आपले काम करीत नाही हे मान्य करून पुढे जावे.

पुढे जावे ते कोठे?

एका प्रकारच्या बीटा-इंटरफेरॉनविरुद्ध तयार झालेली निष्प्रभकारी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या बीटा-इंटरफेरॉनलाही सहसा रोखतात. कुलूप तेच, केवळ किल्लीवरची छाप निराळी. म्हणून एका कंपनीचे औषध चालेना म्हणून दुसऱ्या कंपनीचे सुरू करणे, किंवा तेच औषध अधिक मात्रेत देणे, यात रुग्णाचे आणखी एक वर्ष आणि घरची पुंजी व्यर्थ जाण्याचा धोका असतो. बदल करावयाचा तो निराळ्या वर्गाच्या औषधाकडे करावा.

शिक्षिका भगिनींबाबत प्रारंभी ब्रँड बदलण्याचाच विचार पुढे आला होता. आम्ही वहीच्या नोंदी, उफाळ्यांच्या तारखा आणि दोन्ही एम.आर.आय. घेऊन नागपूरच्या तज्ज्ञांशी सविस्तर बोललो. त्यांनी इंटरफेरॉन थांबवून ग्लॅटिरॅमर हे निराळे इंजेक्शन सुरू केले. पुढील काही वर्षे त्यांचा आजार शांत राहिला. मात्र उजव्या पायातील कमजोरी भरून आली नाही. त्या काठी घेऊन शाळेत जात राहिल्या. त्यांच्या रक्तात निष्प्रभकारी प्रतिपिंडे होती हे आम्ही चाचणीने कधीच सिद्ध करू शकलो नाही. पण दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. दुसऱ्या उफाळ्याची वाट न पाहता पहिल्याच वेळी हा विचार आम्हांला सुचला असता, तर कदाचित तो पाय वाचला असता. आणि त्यांच्यावर ठेवलेला दोष सर्वस्वी चुकीचा होता. औषध निकामी होण्यामागे शरीराची एक प्रक्रिया असू शकते, हे आम्ही त्यांच्या पतीला व सासूबाईंना समोर बसवून समजावले. त्या दिवशी त्या भगिनी आमच्यासमोर पहिल्यांदा रडल्या.

त्या काळाच्या मानाने आज पर्याय पुष्कळ आहेत. २०१० नंतर फिंगोलिमोड, टेरिफ्लुनोमाइड, डायमिथाइल फ्युमरेट ही तोंडाने घ्यावयाची औषधे आली व त्यांच्या भारतीय बनावटीच्या गोळ्याही उपलब्ध झाल्या. रिटुक्सिमॅब आपल्या देशात पुष्कळ रुग्णांना दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या आजारासाठी प्रथमच तीन औषधे घातली. क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरॅमर आणि रिटुक्सिमॅब ही ती होत. इंटरफेरॉनचा वापर त्यामुळे पूर्वीपेक्षा घटला आहे. परंतु दीर्घकाळची सुरक्षितता सिद्ध झालेले औषध म्हणून, विशेषतः मूल हवे असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, त्याचे स्थान अजूनही आहे. शिवाय प्रतिपिंडांचा प्रश्न इंटरफेरॉनपुरता नाही. याच आजारावरील नॅटालिझुमॅब घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांत टिकून राहणारी प्रतिपिंडे आढळली. तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा टोचल्या जाणाऱ्या रक्तघटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतो. जसजशी प्रथिनस्वरूपाची औषधे वाढतील, तसतसा हा प्रश्न आपल्या दारी अधिक वेळा येईल.

आमची विनंती

रुग्णांना व त्यांच्या आप्तांना आमची विनंती आहे, की वही ठेवा. सुईची तारीख, उफाळ्याची तारीख, औषध किती वेळ थंडीबाहेर राहिले, हे लिहा. चाचणी नसलेल्या ठिकाणी ती वहीच चाचणीचे काम करते. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका आणि गुण येत नसेल तर तो लपवूही नका. मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यातील २१ प्रकारांत झाला आहे. त्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यास आमचे समाजसेवा कार्यालय साहाय्य करील.

दात्यांना विनंती अशी, की रुग्णालयात एक स्वतंत्र औषध-शीतकपाट असावे. लसीकरणाच्या शीतपेट्या शासकीय नियमांनुसार केवळ लसींसाठी राखाव्या लागतात. त्यांत इतर औषधे ठेवता येत नाहीत. जनित्राला जोडलेले व तापमानाची नोंद ठेवणारे एक कपाट मिळाले, तर इन्शुलिन, इंटरफेरॉन, हिमोफिलियाचे रक्तघटक अशी औषधे परिसरातील रुग्णांना विनामूल्य ठेवता येतील आणि दर आठवड्याला लागेल तेवढी नेता येतील.

आणि आम्हां वैद्यकीय मंडळींनी स्वतःला विनंती करावयाची आहे. गुण आला नाही, की आमची जीभ पहिल्यांदा रुग्णाच्या चुकीकडे वळते. येथून पुढे ती वळण्यापूर्वी ती दोनशे पानी वही आम्ही आठवू.